प्रशिक्षण मोफत, पण मूल कुठे ठेवायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आयटीआयचे प्रवेश, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांच्या म्हणजे ‘आरसेटी’च्या नव्या तुकड्या आणि ‘महिलांसाठी मोफत शिवणवर्ग’ यांच्या जाहिराती स्थानिक पानांवर दिसू लागतात. फी नाही, प्रमाणपत्र मिळेल, काही ठिकाणी जेवणाची व राहण्याचीही सोय आहे, असे सगळे त्यांत असते. शिकायला येणाऱ्या बाईचे वर्ष-दीड वर्षाचे मूल त्या वेळात कोणाजवळ असणार, याचा उल्लेख मात्र माझ्या पाहण्यात आलेला नाही. मी फलटण तालुक्यातील एका खेड्यात राहते, माझे मूल अजून अंगणवाडीच्या वयाचे झालेले नाही, आणि माझ्यासारख्या आईला हाताला काम शिकायचे असेल तर अडते ते नेमके इथेच, हे आपल्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झालेले होते. शिक्षण अर्धवट सुटलेल्या या मुलींना एखादे कसब शिकण्याची गरज सर्वांत जास्त असते, आणि शिकायचे वय असते तेव्हाच त्यांच्या कडेवर मूल असते. अंगणवाडीत शाळापूर्व शिक्षणासाठी मूल घेतात ते तीन वर्षांचे झाल्यावर. तोपर्यंत घरी न्यायचा आहार, दरमहा वजन आणि लसीकरण एवढाच अंगणवाडीचा संबंध. ही तीन वर्षे संपता संपता बहुतेक घरांत दुसऱ्या मुलाची बोलणी सुरू झालेली असतात. ‘मूल जरा मोठे होऊ दे, मग बघू’ असे घरातले म्हणतात त्यात वाईट हेतू नसतो, पण ते ‘मग’ चार-पाच वर्षे येत नाही, हे आमच्या वाडीतल्या कोणत्याही बाईला विचारले तरी कळेल.

‘घरी आजी असते की, तिच्याजवळ ठेवा’ असा सल्ला शहरातून आलेले अधिकारी सहज देतात. आमच्याकडची आजी पंचेचाळिशीची असते. तिचेही लग्न लवकर झालेले असते, आणि ती सकाळी डबा घेऊन खुरपणीला, ऊसलागणीला नाहीतर डाळिंबाच्या बागेत रोजाने गेलेली असते. तिने नातवंडासाठी घरी थांबायचे तर तिचा रोज बुडतो, आणि सुनेच्या मोफत प्रशिक्षणाची किंमत अशा रीतीने सासूच्या मजुरीतून वसूल होते. घरात यावरून कुरबूर झाली तर तिचा दोष सासूला देणे मला तरी न्याय्य वाटत नाही.

आरसेटीची योजना मुळात चांगली आहे. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेने ती चालवायची, काही दिवसांपासून ते दीड महिन्यापर्यंतचे वर्ग घ्यायचे आणि पुढे कर्जासाठी बँकेपर्यंत हात धरून न्यायचे, अशी तिची रचना आहे. शिक्षण बहुतेक निवासी असते, कारण दूरच्या गावांतून रोज ये-जा करणे अवघड आहे आणि एकत्र राहिल्याने शिकण्याकडे पूर्ण लक्ष लागते. परंतु तरुण पुरुषाच्या किंवा मुले मोठी झालेल्या बाईच्या सोयीची असलेली हीच अट अंगावर पिणारे मूल असलेल्या आईला दारातून परत पाठवते. तालुक्याच्या ठिकाणच्या वर्गात निवासाचा प्रश्न नसतो, आणि मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाल्यामुळे जाण्यायेण्याचा खर्चही पुष्कळ हलका झाला आहे. मी अशाच एका शिवणवर्गात नाव घालायला गेले, तेव्हा ‘मूल आणायचे नाही’ असे पहिल्याच वाक्यात सांगण्यात आले. तिथल्या शिक्षिकेचे म्हणणे चुकीचे नव्हते. कात्र्या, सुया, तापलेल्या इस्त्र्या आणि वीस जणींच्या मशिनी असलेल्या खोलीत रांगते मूल कोण सांभाळणार? मी तो वर्ग पूर्ण करू शकले, कारण शेजारच्या काकूंचे गुडघे दुखू लागल्याने त्यांचे शेतावर जाणे बंद झाले होते आणि त्यांनी आपणहून मुलाला जवळ ठेवून घेतले. शासनाच्या योजनेचा लाभ शेजारणीच्या दुखण्यावर अवलंबून असावा, ही काही व्यवस्था म्हणता येणार नाही.

यावर उपाय नवा शोधायचा आहे असेही नाही. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर काम करताना पाहिले, की मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण धाकटे भावंड तिच्या काखेत असते. त्यांनी मुलीला दोष दिला नाही की आईबापांना उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभी केली, म्हणजे भावंडाला पाळण्यात ठेवून ताईला शेजारच्या वर्गात बसता येईल. त्याच्याही आधीचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८८२ साली वैधव्य आले तेव्हा त्यांची मनोरमा तान्ही होती. पुढच्याच वर्षी तिला सोबत घेऊन त्या शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा काढली, आणि पुढे केडगावच्या मुक्ती सदनात तर बायका छापखाना चालवू लागल्या. आमच्या जवळचेच उदाहरण द्यायचे तर म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने प्रशिक्षणाची बसच गावोगाव नेली. बाईला वर्गापर्यंत येता येत नसेल तर वर्गानेच तिच्याकडे जावे, हा विचार माण तालुक्यासारख्या दुष्काळी भागात जमला, मग तो इतरत्र का जमू नये?

कायद्यालाही पाळणाघर अनोळखी नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभा दिली. पण ही सोय नोकरीत असलेल्या बाईसाठी आहे. जी अजून शिकत आहे ती कर्मचारी नव्हे, त्यामुळे प्रशिक्षण संस्थेवर तिच्या मुलाची कोणतीही जबाबदारी येत नाही. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’मधील ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना दिवसभर सांभाळण्याची तरतूद आहे आणि अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची कल्पनाही आहे. महिलांची तुकडी जिथे बसते, तिथे त्या तुकडीच्या मुदतीपुरते असे पाळणाघर जोडून देणे एवढेच करायचे आहे. त्यासाठी शेजारची एक खोली, दोन पाळणे, एक सतरंजी, प्यायचे पाणी आणि मुलांवर नजर ठेवणारी एक मानधनावरची बाई पुरे. दर दीड-दोन तासांनी आयांना अंगावर पाजण्यापुरती सुट्टी दिली की वर्गाचा खोळंबा होत नाही.

पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाईल. जिल्हा परिषद व ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. त्यातून अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे शिलाई मशिनी आणि पिको-फॉलच्या मशिनी वाटल्या जातात. वाटपाचे फोटो येतात, मशीन घरी येते, आणि शिकायला जाता न आल्यामुळे त्यावर टीव्ही ठेवलेला मी एकापेक्षा अधिक घरांत पाहिला आहे. मशिनीआधी शिकण्याची सोय हवी, आणि शिकण्याआधी मुलाची.

वर्गात काय शिकवले जाते, याविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण लहान मुलाच्या आईला घरबसल्या, मूल झोपले असेल तेवढ्या तासाभरात करता येईल असेच काम उपयोगी पडते. शिवण तसे आहे, म्हणूनच ते सगळीकडे शिकवतात, आणि म्हणूनच एकेका आळीत ब्लाउज शिवणाऱ्या चौघी-पाचजणी झाल्या आहेत. त्यातही शिकवतात ते कागदावर मुंढा, गळा आणि टक्स काढणे. मशीन बिघडली तर काय करायचे, हे कोणी सांगत नाही. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होऊ लागला की बहुतेकजणी बॉबिनलाच, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळालाच, दोष देत बसतात. वास्तविक वरचा दोरा त्याचा ताण ठरवणाऱ्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसला, की हेच होते. कापड दाबून धरणारी दाबपट्टी उचलून दोरा पुन्हा ओवला, सुईची चपटी बाजू योग्य दिशेला आहे ना ते पाहिले, बॉबिनच्या पेटीतला कापसासारखा कचरा ब्रशने काढला आणि दोन थेंब तेल सोडले, तर दहापैकी निम्म्या वेळा तरी मशीन दुरुस्तीवाल्याकडे नेण्याचा हेलपाटा वाचतो. लग्नसराईत दोन दिवस मशीन बंद राहिली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, आणि दुसरीकडे गेलेले गिऱ्हाईक सहसा परत येत नाही.

याच धर्तीवर घरगुती विजेची कामेही आयांना शिकवता येतील. एमसीबी, म्हणजे दोष आला की आपोआप वीज तोडणारा खटका, सारखा पडत असेल तर सगळी बटणे बंद करून तो वर करायचा आणि मग एकेक बटण लावत जायचे. ज्या बटणाला तो पुन्हा पडेल त्या जोडणीत दोष, एवढे तरी प्रत्येकीला आले पाहिजे. मिक्सरमधून ठिणग्या दिसून जळका वास येऊ लागला, तर पुष्कळदा आतले कार्बन ब्रश झिजलेले असतात. ते बदलायला फार पैसे लागत नाहीत आणि फार वेळही लागत नाही. दुपारी घरात एकटी असलेली बाई वायरमनला बोलवायला संकोचते. गावातच एखादी बाई हे काम करणारी असेल तर तिला काम कमी पडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आयटीआयमध्ये स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, पण वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) आणि तारतंत्री (वायरमन) हे दोन-दोन वर्षांचे पूर्णवेळ अभ्यासक्रम आहेत आणि ज्या आईला दिवसभर घराबाहेर राहता येत नाही, तिला त्या राखीव जागांचा उपयोग नाही. तिच्यासाठी दुरुस्तीचे छोटे, रोज अडीच-तीन तासांचे वर्ग हवेत, आणि ते सकाळी अकरानंतर हवेत, म्हणजे पाणी भरणे, स्वयंपाक आणि मुलाची अंघोळ उरकून तिला येता येईल.

कागदपत्रे आणि बँक हा भाग मी थोडक्यात आटोपते, कारण त्यावर पुष्कळ लिहिले जाते. लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये स्वतःच्या खात्यात येतात, पण मोबाइल क्रमांक नवऱ्याचा, ओटीपी त्याच्याकडे आणि एटीएमचे कार्डही त्याच्याच पाकिटात, अशी स्थिती अनेक घरांत आहे. बाळाची जन्मनोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते, हे ठाऊक नसल्याने पुढे दाखल्यासाठी चकरा मारणाऱ्या आयाही मी पाहिल्या आहेत. कोणत्याही प्रशिक्षणाच्या पहिल्या दोन दिवसांत आधारला स्वतःचा क्रमांक जोडणे, खात्यातली शिल्लक पाहणे आणि अर्ज लिहून त्याची पोच घेणे एवढे करून घेतले, तरी त्या बाईचे दुसऱ्यावर अवलंबून राहणे बरेच कमी होईल.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे सर्वसाधारण ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी होणाऱ्या या सभेत, १० टक्के निधीतून या वर्षी मशिनी न वाटता अंगणवाडीलगतच्या रिकाम्या खोलीत प्रशिक्षणवर्ग आणि पाळणाघर एकत्र सुरू करावे, असा लेखी अर्ज देण्याचे आमच्या बचत गटातील आम्ही काहीजणींनी ठरवले आहे. मुले सांभाळण्यासाठी शेजारच्या त्याच काकू तयार आहेत, मात्र त्यांना मानधन मिळाले पाहिजे, हेही आम्ही अर्जात लिहिले आहे. ज्या गावांत असे पाळणाघर वर्गाला जोडून आधीच चालू असेल, तेथील भगिनींनी खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकला आणि सांभाळणारीचे मानधन किती ठरवले, ते आपल्या स्तंभातून कळवल्यास आम्हाला अर्जाला तसा तपशील जोडता येईल.

आपली विश्वासू,
एक वाचक, ता. फलटण, जि. सातारा