इंडिकेटर पुन्हा लुकलुकले

वडिलांच्या जुन्या मोटारीत हौसेने एलईडी बल्ब बसवले आणि त्याच संध्याकाळी, भर रहदारीत, इंडिकेटर लुकलुकायचे सोडून नुसतेच पेटून राहिले. तेव्हा आपली गाडी बाजूला घेऊन मदतीला आलेल्या, नावही न सांगता गेलेल्या काकांचे मनापासून आभार. २१ वॉटचा साधा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो, त्या प्रवाहानेच जुन्या फ्लॅशरमधली, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीतली, पट्टी तापून दिवे लुकलुकतात आणि एलईडीला तेवढा प्रवाह लागतच नाही, हे त्यांनी शांतपणे समजावले. मग टॉर्च दातांत धरून त्यांनी अर्थिंगचा गंजलेला स्क्रू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला आणि स्वतःच्या डब्यातले चार साधे बल्ब लावून दिले. पैसे घेतले नाहीत. काढलेले एलईडी मात्र रुमालात गुंडाळून, “इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवलात की हेच लावा,” म्हणत माझ्या हातात ठेवले.