मानेची गुणगुण थांबवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

मागच्या एप्रिलमध्ये मी इतवारीतील आपल्या दुकानात आले, तेव्हा माझ्या पिशवीत अर्धवट जुळवलेला एक छोटा यंत्रमानव होता आणि तो मोडीत काढावा, असे मनाशी जवळपास ठरले होते. माझा सात वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. समोरचा माणूस जिकडे पाहतो तिकडे आपणही पाहावे, ही गोष्ट इतर मुलांना न शिकवता जमते. त्याला ती जमत नव्हती आणि त्याच्या स्पीच थेरपिस्ट ताईंचा सारा भर तिच्यावरच होता. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी १२ स्वमग्न मुलांच्या घरी महिनाभर, रोज ३० मिनिटांसाठी यंत्रमानव देऊन पाहिला आणि यंत्र समोर नसतानाही मुलांचे मोठ्यांच्या नजरेमागे पाहणे सुधारल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध केले, हे माझ्या वाचनात आले होते. मात्र या कामासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘नाओ’सारख्या यंत्रमानवांची किंमत लाखांच्या घरात आहे. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेच्या बळावर मी स्वतःच जुळवाजुळव सुरू केली होती.

यंत्र मान वळवी, दिवे लागत, आणि मुलगा कान झाकून पलंगाखाली जाई. आपण ते यंत्र उघडलेही नाही. आधी विचारलेत, “तो कान केव्हा झाकतो? मान वळताना, की वळून झाल्यावर?” मला सांगता आले नाही. त्या रात्री मी लक्ष देऊन पाहिले, तेव्हा मान स्थिर झाल्यावरच त्याचे हात कानांवर जात होते. डोक्याचे वजन पेलताना मान वळवणारी ती लहानशी सर्व्हो मोटर जागच्या जागी सतत सावरत राही आणि डासासारखी बारीक गुणगुणे. आम्हाला ती ऐकूही येत नव्हती. आपण डोक्याचा भार मोटरवरून काढून एका बेअरिंगवर घेतलात, मोटरखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बसवलात, आणि मान जागेवर आली की मोटरला जाणारा संकेत थांबवायचा, एवढा बदल मला प्रोग्राममध्ये करायला सांगितलात. पन्नास वर्षे रेडिओ दुरुस्त केलेल्या कानांनाच हे सुचू शकले, असे मला मनापासून वाटते.

मे महिन्यात बंद गाडीत राहून यंत्राची थ्रीडी प्रिंटरवर छापलेली प्लास्टिकची मान लोंबली, तेव्हाही आपण रागावला नाहीत. ते प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते आणि नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीला तेवढे तापायला वेळ लागत नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. आपण प्लायवूडची मान कापून दिलीत. ती अजून सरळ आहे. यंत्रात आवाज आईंचा, म्हणजे मुलाच्या आजीचा, भरून घ्यावा ही सूचनाही आपलीच. “बघ, चेंडू!” हे शब्द तो आजीच्याच तोंडून रोज ऐकतो.

ताईंच्या सल्ल्याने आम्ही त्याला दिवसातून वीसच मिनिटे यंत्रापुढे बसवतो. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी यंत्र कपाटात होते. मी पोळ्या लाटत होते आणि सहज फडताळावरच्या मुरमुऱ्यांच्या डब्याकडे पाहिले. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मग डब्याकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. लाटणे हातात तसेच राहिले, काका. त्या क्षणासाठी मी किती वर्षे थांबले होते, ते पत्रात लिहून कळवता येणार नाही.

सगळा खर्च साडेचार हजारांच्या आत बसला. थेरपीला येणाऱ्या आणखी दोन घरांना असाच यंत्रमानव हवा आहे. मानेची जुळणी आपण वहीत काढून दिली होती, ती त्यांना देण्याची परवानगी असावी. त्यांपैकी एका मुलीला आवाजाचा नव्हे, तर दिव्यांच्या लुकलुकण्याचा त्रास होतो. शनिवारी दुपारी मी तिच्या आईला घेऊन दुकानात येत आहे. आपण काय विचाराल याचा अंदाज असल्याने, दिवे नेमके केव्हा लागले की ती डोळे मिटते, हे तिला आठवडाभर लिहून ठेवायला सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
एका मुलाची आई