पासष्टीनंतर 21 हजारांची अट कशासाठी?

महोदय,

आमच्या शेजारी दोन घरची धुणीभांडी करणाऱ्या एका विधवा बाईंना ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा 1,500 रुपये मिळत होते. वयाची 65 वर्षे पूर्ण झाली आणि नियमानुसार ते थांबले. मग श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा त्यांचा अर्ज भरायला मी बसलो, तेव्हा उत्पन्नाच्या रकान्यापाशी अडलो. त्यांची कमाई महिन्याला 4,000, म्हणजे वर्षाला 48,000 रुपये. आणि या योजनेची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अवघी 21,000 रुपये. लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाखांची आहे. हातापायांतले बळ कमी होत असताना त्याच बाई मदतीला अपात्र ठरतात, हे मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही. उत्पन्न कमी दाखवा, असे एकाने सुचवले. “खोटं नका लिहू,” एवढेच त्या म्हणाल्या.

अशा मदतीला सर्रास ‘फुकटचे वाटप’ म्हटले जाते. पण चहा, तेल, साबण यांवरचा वस्तू व सेवा कर या बाईही भरतात, आणि सप्टेंबर 2025 पर्यंत साबणावर तो 18 टक्के होता. किराणा दुकानात कर घेताना कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. शिवाय ज्याची सगळी मिळकत महिन्याअखेर खर्चून जाते, त्याच्या मिळकतीतला या कराचा वाटा बचत करू शकणाऱ्यापेक्षा मोठाच असतो.

मी नोकरीत असताना पगारातून व्यवसाय कर दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापला जाई. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही, कारण 1972 च्या दुष्काळात विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेसाठी शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराला हातभार लावावा, या विचारानेच 1975 मध्ये महाराष्ट्राने तो कर बसवला. मात्र घटनेच्या कलम 276 नुसार त्याची वार्षिक कमाल मर्यादा 2,500 रुपये आहे आणि ती 1988 पासून हललेली नाही. त्यामुळे 15,000 रुपये पगाराचा पुरुष कर्मचारी आणि तीन लाख पगाराचा अधिकारी आज सारखाच व्यवसाय कर भरतात. देणाऱ्याची मर्यादा गोठलेली आणि घेणाऱ्याचीही, मग संपत्तीचे फेरवाटप व्हायचे कसे?

पासष्टी ओलांडणाऱ्या लाभार्थी महिलांना त्याच अडीच लाखांच्या मर्यादेवर थेट श्रावणबाळ योजनेत घ्यावे, आणि व्यवसाय कराची कमाल मर्यादा वाढवण्यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा, ही माझी कळकळीची मागणी आहे. खरे उत्पन्न लिहिलेला तो अर्ज बाईंनी ट्रंकेत जपून ठेवला आहे. अट बदलली की मी स्वतः तो तहसील कार्यालयात नेऊन देईन.

— एक निवृत्त कर्मचारी, सांगली