'गेम ओव्हर' झाल्यावर नेमके काय परत द्यावे लागते?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या व्हिडिओ गेमविषयी आलेला लेख आवडीने वाचला. या विषयावर मराठीत 'डोळे बिघडतात' आणि 'अभ्यास बुडतो' यांपलीकडे फारसे छापून येत नाही, त्यामुळे लेखाचे स्वागतच आहे. त्यातील दोन विधानांबाबत मात्र लिहिणे आवश्यक वाटते. मारिओ नावाच्या नायकाच्या खेळांत तीन जीव, म्हणजे तीन संधी, संपले की 'गेम ओव्हर' होतो आणि सारे पहिल्यापासून खेळावे लागते, हे पहिले विधान. अलीकडच्या मारिओमधून ही पाटीच काढून टाकल्यामुळे मुलांना हरणे माहीत राहिलेले नाही, हे दुसरे. पहिले विधान एका खेळापुरतेदेखील अर्धेच खरे आहे आणि दुसरे त्याच अर्ध्या सत्यावर उभे आहे.

१९८५ साली निन्टेंडो कंपनीने 'सुपर मारिओ ब्रदर्स' बाजारात आणला, तेव्हा त्यातला 'गेम ओव्हर' दिसायला अगदी साधा होता. मारिओ तळवे आपल्याकडे करून वर उडतो, पडद्याखाली निघून जातो, मग काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ते दोन शब्द, आणि कोजी कोंदो यांनी बांधलेली एक छोटीशी, खाली खाली उतरत जाणारी धून. त्यानंतर खेळ तुम्हाला मुकाट्याने पहिल्या पाटीवर, म्हणजे खेळाच्या नावाच्या पडद्यावर, आणून सोडतो. खेळाच्या आठ भागांपैकी, म्हणजे 'जगां'पैकी, सातव्या जगापर्यंत पोहोचलेला मुलगाही पुन्हा पहिल्या जगाच्या पहिल्या विटेखाली उभा. लेखकाला आठवतो तो हाच खेळ असावा. परंतु याच खेळात, पहिल्या पाटीवर 'ए' बटण दाबून धरून 'स्टार्ट' दाबले, तर ज्या जगात डाव संपला त्याच जगाच्या पहिल्या टप्प्यापासून पुन्हा खेळता येत असे. पडद्यावर याची सूचना कुठेही नव्हती. म्हणजे शिक्षा दिसत होती आणि माफी लपवून ठेवलेली होती.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे जे स्वस्त, नकली टीव्ही गेम मिळत, त्यांतल्या 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव'चा दावा करणाऱ्या पिवळ्या कॅसेटमध्ये हाच मारिओ असे. आमच्या घरी मी आणि थोरला भाऊ मिळून खेळायचो. तो अर्थात मारिओ आणि मी त्याचा भाऊ लुइजी, कारण पहिला रिमोट नेहमी थोरल्याकडेच. दोघे खेळत असतील तर या खेळात 'गेम ओव्हर' एकट्याचा होतो: पडद्यावर वर 'मारिओ' असे नाव येते, खाली ते दोन शब्द, आणि दुसऱ्याचा डाव पुढे चालू राहतो. दादा तीन लाईफ घालवून बसलेला, माझ्याकडे एक शिल्लक, आणि मी मुद्दाम सावकाश चालतो आहे, हा माझ्या बालपणातील मोजक्या विजयांपैकी एक. 'ए' आणि 'स्टार्ट'ची युक्ती आम्हाला शेजारच्या वाड्यातील एका मुलाने दाखवली, तीही दोन गोट्यांच्या बदल्यात. मात्र तिला एक अट होती. कोणत्या जगात हरलो याची नोंद यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राही, म्हणून यंत्र चालू असेपर्यंतच ती टिके. वीज गेली की सातवे जगही गेले. आमचा खरा 'गेम ओव्हर' वीज मंडळाच्या हातात होता.

ती नोंद किती उघडी होती, याचा पुरावा जपानी मुलांनी फार पूर्वी शोधून काढला. यंत्र बंद न करता मारिओची कॅसेट उपसायची, 'टेनिस'ची घालून थोडे खेळायचे, पुन्हा मारिओची बसवायची आणि मग ती युक्ती करायची. तेव्हा खेळ अस्तित्वातच नसलेल्या जगात सुरू होत असे, कारण जगाचा आकडा ज्या जागी लिहिलेला असे तिथे टेनिसने भलतेच काही लिहून ठेवलेले असे. ही चलाखी कॅसेटला अपायकारक आहे, कोणी करून पाहू नये.

आणखी एक गंमत सांगतो, कारण तिच्यातून 'गेम ओव्हर' यंत्राच्या आत कसा ठरतो ते कळते. तिसऱ्या जगाच्या पहिल्या टप्प्यात, शेवटच्या पायऱ्यांवर उतरणाऱ्या कासवाच्या कवचावर नेमके उडी मारत राहिले, की जीव वाढत जातात. आमच्या गल्लीत हे करणाऱ्याला मान होता. पण जीव मोजण्याची जागा आठ बिटांची, म्हणजे तिच्यात २५६ च आकडे मावतात, आणि तिच्यातील वरचा अर्धा भाग खेळ ऋण आकडा समजतो. म्हणून मोजणी १२७ च्या पलीकडे नेऊन ठेवलेला हावरा खेळाडू नंतर एकदा मेला, की खेळाला त्याच्याकडे शून्याहूनही कमी जीव दिसतात आणि थेट 'गेम ओव्हर' येतो. शंभराहून अधिक जीव गोळा करून एकाच मरणात बाद झालेला मुलगा मी स्वतः पाहिला आहे; त्याच्या चेहऱ्यावरचा अविश्वास आजही डोळ्यांसमोर आहे.

इतक्या तपशिलात शिरण्याचे कारण असे, की या मालिकेत ते दोन शब्द तेच राहिले, पण त्यांच्यामागचा दंड जवळजवळ प्रत्येक खेळात वेगळा ठरवला गेला. हे आपल्या वाचकांना परकीय वाटण्याचे कारण नाही. जुन्या कबड्डीचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार आपल्याकडे होते. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाद गडी जिवंत होई. गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर गेलेल्याने बाहेरच बसायचे. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे, फक्त समोरच्याला गुण मिळे. तिन्हींत 'बाद' हा शब्द एकच. अमर खेळणारी मुले गामिनी खेळणाऱ्यांपेक्षा लाडावलेली होती, असे कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

'गेम ओव्हर'चा उगम नाण्यांच्या यंत्रांत आहे, हे लेखात आले असते तर बरे झाले असते. मारिओ पहिल्यांदा दिसला तो १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये, आणि ते यंत्र दुकानात ठेवून नाण्यांवर चालवायचे होते. तिथे डाव संपणे हा धंद्याचा भाग. डाव संपलाच नाही तर पुढचे नाणे पडणार कसे? घरच्या यंत्रावर नाणे नव्हते, तरी सवय राहिली. पुढच्या खेळांत ती सवय सैल होत गेलेली दिसते. १९८८ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'मध्ये हरल्यावर नकाशावर एक चौकट उघडते आणि पुढे खेळायचे की थांबायचे एवढेच विचारते. 'पुढे' म्हटले तर त्या जगातले पार केलेले टप्पे पुन्हा करावे लागतात, परंतु मोडलेल्या गढ्या मोडलेल्याच राहतात आणि त्यांच्यामुळे उघडलेली कुलुपेही उघडीच राहतात. माझ्या मते हा या मालिकेतला सर्वांत समंजस दंड आहे: कष्ट परत घेतले, पण वाट नाही घेतली.

१९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'च्या कॅसेटमध्ये बॅटरी आली, प्रगतीची नोंद वीज गेल्यावरही राहू लागली, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंनी सरकत येऊन मध्ये भेटणारे 'गेम' आणि 'ओव्हर' हे शब्द पूर्वीइतके भीतिदायक उरले नाहीत. यावरून कोणी म्हणेल, की जुन्या खेळांचा कठोरपणा ही निव्वळ स्मृतीची टंचाई होती, आणि बॅटरी स्वस्त होताच कंपनी दयाळू झाली. मीही बरीच वर्षे असेच समजत होतो. पण १९९२ मध्ये गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर आलेल्या 'सुपर मारिओ लँड २'मध्ये बॅटरी होती, नोंदही राहत होती, आणि तरीही 'गेम ओव्हर' झाला की जमवलेली सगळी सोन्याची नाणी हातातून जात. अशी नाणी एकूण सहा, आणि प्रत्येकासाठी एकेका बड्या शत्रूला पुन्हा हरवायचे. पाचवे नाणे मिळवून सहाव्याच्या दारात मेलेल्या माणसालाच हा दंड काय आहे ते ठाऊक. म्हणजे स्मृती असूनही कठोर राहण्याचा निर्णय कोणीतरी विचारपूर्वक घेतला होता.

याच्या नेमके उलट उदाहरण १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४'चे. त्यात देखावा सर्वांत मोठा आणि दंड सर्वांत लहान. मारिओ मेला की पडदा बाउझर या खलनायकाच्या मुंडक्याच्या आकारात आक्रसत जातो, त्याचे जाडेभरडे हसू ऐकू येते, आणि सगळे जीव संपले की खेळाडू सुरुवातीच्या त्या मारिओच्या मोठ्या चेहऱ्यापाशी फेकला जातो, जिथे मागच्या भिंतीवर आता खेळाच्या नावाऐवजी 'गेम ओव्हर' अशी अक्षरे ओळीने भरलेली असतात. पण मिळवलेला प्रत्येक तारा नोंदलेला असतो. पुन्हा किल्ल्यात शिरायचे आणि ज्या चित्रातून टप्प्यात शिरतात त्याच चित्रापर्यंत चालत जायचे, एवढाच काय तो दंड. २००७ च्या 'सुपर मारिओ गॅलक्सी'त तर पीच राजकन्या पत्रातून पाच जीव भेट पाठवते. ज्या खेळात जीव टपालाने येतात, तिथे 'गेम ओव्हर' फार दिवसांचा सोबती नाही हे तेव्हाच कळायला हवे होते.

आता लेखकाचा मुख्य आक्षेप. २०१७ च्या 'सुपर मारिओ ओडिसी'त जीव नाहीत आणि 'गेम ओव्हर'ही नाही, हे खरे. मेल्यावर दहा नाणी जातात आणि खेळाडू जवळच्या झेंड्यापाशी पुन्हा उभा राहतो. हा अमर कबड्डीचा नियम झाला: गडी मैदानातच, गुण मात्र गेला. त्या नाण्यांनी टोप्या आणि कपडे घेता येतात, त्यामुळे मुले त्यांचा हिशेब ठेवतात. माझी भाची तीन वेळा दरीत पडल्यानंतर 'तीस गेले' असे ज्या आवाजात म्हणाली, त्यात मला लाड दिसला नाही. हरण्याची किंमत खेळाने काढून घेतलेली नाही, ती वेळेऐवजी नाण्यांत घेतली आहे. त्याआधी २००९ च्या, निन्टेंडोच्या 'वी' या यंत्रावरील 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये एकाच टप्प्यात आठ वेळा मेल्यावर एक हिरवा ठोकळा येई आणि लुइजी तो टप्पा आपोआप खेळून दाखवी. मला तो तेव्हा अपमानास्पद वाटला होता आणि आजही वाटतो, पण तो दाबायचा की नाही हे खेळाडूवरच सोडलेले होते.

शिवाय पाटी कायमची गेलेली नाही. २०२३ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'मध्ये जीव परत आले आणि 'गेम ओव्हर'ही परत आला. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. अनेक जण मिळून खेळताना एखादा मेला, की तो भूत होऊन तरंगतो. पाच आकडे मोजून होण्याच्या आत त्याने सोबत्याला स्पर्श केला तर तो पुन्हा जिवंत. आपले विषामृत! विष मिळालेला खाली बसतो, आणि 'अमृत' म्हणत कोणी शिवले की उठून पळू लागतो. फरक एवढाच, की तिथे भुताने स्वतः सोबत्याकडे जायचे असते.

तेव्हा पुढील लेखात 'पूर्वीचा मारिओ' आणि 'आताचा मारिओ' असे दोनच ढीग न करता, कोणता खेळ हरल्यावर नेमके काय परत मागतो, हे पाहावे अशी लेखकाला विनंती आहे. तसेच लेखासोबतच्या चित्राखाली '१९८५ चा मारिओ' असे छापले आहे. ते चित्र 'सुपर मारिओ वर्ल्ड'चे, म्हणजे १९९० चे आहे. मारिओशेजारी योशी हा डायनासोर स्पष्ट दिसतो, आणि तो पहिल्यांदा त्याच खेळात आला. कृपया दुरुस्ती छापावी.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
सातारा