तक्रार: साधा ब्रेकर टाकू नका, वायरिंग दुरुस्त करा

प्रति,
मा. संचालक,
मिनियापोलिस, मिनेसोटा

विषय: घरामागच्या हॉट टबच्या सदोष वायरिंगबाबत

महोदय,

कामाची सगळी बोलणी तुमच्याशी मराठीतच झाली, म्हणून हे पत्रही मराठीत लिहीत आहे. इंग्रजी प्रत तुमच्या ऑफिसला ईमेलने वेगळी पाठवली आहे. ती पुढे आणखी कुणाला दाखवावी लागेल की नाही, हे तुमच्या उत्तरावर अवलंबून आहे.

ऑक्टोबरात तुमच्या माणसांनी बेसमेंटमधल्या पॅनेलपासून मागच्या अंगणापर्यंत २४० व्होल्ट, ५० अँपिअरची लाइन टाकून टब जोडून दिला. थँक्सगिव्हिंगपर्यंत कसलीच कुरबुर नव्हती. डिसेंबरात पारा उणे २० सेल्सियसपर्यंत उतरला आणि बाहेरच्या पेटीतला जीएफसीआय (विजेची गळती दिसताच लाइन तोडणारा) ब्रेकर पडायला लागला. तोही ठरावीक वेळी. रात्रभर कडाक्याची थंडी, सकाळी पेटीवर उन्हं आली की खट्. तुमचा टेक्निशियन उगवायचा दुपारनंतर, तोवर आत सगळं कोरडं झालेलं. तो मीटर लावायचा, 'रीडिंग तर बरोबर आहे' म्हणायचा आणि निघून जायचा.

आधी त्याने हीटरवर ठपका ठेवला. हीटर बदलला, पैसे आम्ही मोजले, ब्रेकर पडतच राहिला. मग म्हणाला, "हे जीएफसीआय फार नाजूक असतात हो. साधा ब्रेकर टाकून देतो, कटकट मिटेल." आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! नुसतं काम बिघडलं असतं तर फोनवर भागलं असतं. हे वाक्य ऐकलं म्हणून लेखी तक्रार करतो आहे.

जीएफसीआय काय करतो हे तुम्हाला सांगायची वेळ यावी, याचंच नवल वाटतं. जेवढा करंट टबाकडे गेला तेवढा तारांमधूनच परत आला का, एवढंच तो बघत असतो. सुमारे ५ मिलिअँपिअरची जरी तफावत आली, तरी लाइन तोडतो. साध्या ५० अँपिअरच्या ब्रेकरला इतक्या गळतीचा पत्ताही लागत नाही, आणि माणसाचा जीव जायला त्या ५० अँपिअरचा पाचशेवा हिस्साही पुरतो. या टबात माझी मुलं गळ्यापर्यंत पाण्यात बसतात. अमेरिकेच्या विद्युत संहितेतल्या कलम ६८० मध्ये हॉट टबला हे संरक्षण सक्तीचं केलं आहे, आणि मिनेसोटात १ जुलै २०२३ पासून त्या संहितेची २०२३ ची आवृत्ती लागू झाली. ब्रेकर पडत होता कारण त्याचं काम तो चोख करत होता. गळती कुठे आहे ते शोधणं तुमचं काम होतं.

शेवटी आम्ही दुसऱ्या एका परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याला मुद्दाम सकाळी यायला सांगितलं. त्याने आधी टबाच्या टोकाच्या तारा सोडवल्या आणि ब्रेकर वर केला. तरी पडला. टब जोडलेलाच नाही, मग हीटर दोषी कसा? त्यानंतर त्याने पेटीचं झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या दंवाचा जाड थर, त्यातलं वितळलेलं पाणी थेंबाथेंबाने ब्रेकरच्या टर्मिनलवर उतरत होतं, आणि खालचे स्क्रू एका हिवाळ्यातच तांबारलेले. मी शेजारी उभा राहून फोटो काढले.

हे पाणी बाहेरून आलंच नाही, ते घरातून आलं. बेसमेंटची उबदार, दमट हवा कंड्युइटमधून, म्हणजे तारांच्या पाइपातून, सरळ वर पेटीत जाते आणि गार पत्र्याला लागली की गोठते. ज्या पाइपाचं एक टोक उबेत आणि दुसरं गारठ्यात, त्याचं तोंड आत पुट्टीसारखा डक्ट सील दाबून बंद करायचं असतं. संहितेत कलम ३००.७ यासाठीच आहे. आमच्याकडे भिंतीतून बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड सताड उघडं निघालं. मूठभर मसाल्याचं काम, ते केलं नाही, आणि त्यापायी आम्ही हीटर बदलून बसलो.

दुसरी गोष्ट तारांची. कंड्युइटमध्ये तुम्ही घरातल्या कोरड्या भिंतीत टाकायची रोमेक्स केबल ओढली आहे. जमिनीखालच्या पाइपाची आतली जागा नियमाप्रमाणे ओलीच धरतात, तिथे ही केबल चालत नाही. तिच्या आवरणाखाली कागद असतो, तो वातीसारखं पाणी ओढतो. आमच्या पेटीत तो कागद भिजून लोंबत होता. तिथे ओल्या जागेसाठीच्या सुट्या तांब्याच्या तारा हव्या होत्या.

आणि तिसरी गोष्ट जमिनीची. पीव्हीसी कंड्युइटवर निदान १८ इंच माती हवी. आमच्याकडे भिंतीलगत जिथे पाइप वर येतो तिथे उकरून पाहिलं, तर जेमतेम १० इंच आहे. पण नुसतं १८ इंचांवर भागतं असंही नाही. ती खोली पाइपाला कुदळ-फावड्यापासून वाचवते, गोठणाऱ्या मातीपासून नाही. राज्याच्या या दक्षिण भागात पायासाठी दंवाची खोली ४२ इंच धरतात, म्हणजे तुमचा पाइप नियमाप्रमाणे पुरला असता तरी दर हिवाळ्यात माती त्याला वर ढकलणारच. म्हणून जमिनीतून वर येणाऱ्या पाइपाला सरकणारं एक्स्पान्शन फिटिंग लावतात. तुम्ही ते लावलं नाही. पाइपाने पेटीला खालून रेटा दिला, पेटी तिरकी झाली आणि पाइप जिथे आत शिरतो तिथला जोड तडकला. मिनेसोटात धंदा करणाऱ्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. ठाऊक असून केलं नाही, असंच मी धरतो.

परमिटबद्दल विचारलं तेव्हा तुमच्या ऑफिसातून "ते आम्ही बघतो" असं उत्तर मिळालं होतं. आता चौकशी केल्यावर कळलं की या कामाची नोंदच नाही. चर बुजवण्याआधी इन्स्पेक्टरने पाहिला असता तर १० इंच तेव्हाच उघडे पडले असते. खरं पाणी इथे मुरतंय. एक गोष्ट मात्र नीट केली आहे, तेवढं कबूल करतो: पेटी टबापासून ५ फुटांहून लांब आणि टबावरून दिसेल अशी आहे.

जानेवारीत आम्ही एका लग्नाला गेलो असताना ब्रेकर पडला. वीज नाही म्हटल्यावर टबाचं गोठणरोधक चक्र तरी कशावर चालणार? पंपाजवळचा जोड बर्फाने फुटला. टबाची कंपनी म्हणते, गोठण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. तुम्ही म्हणता, थंडी आमच्या हातात नाही. थंडी नसेल, पण डक्ट सील तुमच्याच हातात होतं.

आता आम्हाला काय हवं ते. रोमेक्स काढून योग्य तारा ओढणं, तडकलेला जोड बदलणं आणि पाइपाची तोंडं बंद करणं, ही कामं लगेच होऊ शकतात, ती आधी करा, जीएफसीआय ब्रेकर नवा टाका. चर आत्ता खणता येणार नाही हे मलाही कळतं. तो बर्फ वितळल्यावर एप्रिल-मेमध्ये पुन्हा खणायचा, पण त्याची लेखी हमी आजच हवी. सगळं काम परमिट काढून व्हावं आणि इन्स्पेक्टरने पाहिल्याशिवाय माती लोटू नये. विनाकारण बदललेल्या हीटरचे पैसे परत मिळावेत आणि फुटलेल्या जोडाचा खर्च तुम्ही सोसावा. तोच टेक्निशियन मात्र पुन्हा पाठवू नका.

दोन आठवड्यांत लेखी उत्तर आलं नाही, तर सगळे कागद राज्याच्या कामगार व उद्योग विभागाकडे जातील. इलेक्ट्रिकल कंत्राटदारांचे परवाने तोच विभाग देतो. फोनवर "बघतो" नको.

आपला,
एक ग्राहक
ईडन प्रेरी, मिनेसोटा

सोबत: पेटीचे व पाइपाचे फोटो, दुसऱ्या इलेक्ट्रिशियनचा सही केलेला अहवाल, हीटरचं बिल, तुमच्या मूळ कोटेशनची प्रत ("परमिटसह" या शब्दाखाली रेघ मारली आहे).