मराठी पाटीचे माप चुकते आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, असा नियम राज्यात २०२२ मध्ये आला. पाट्या बदलल्या, तरी रस्त्यापलीकडून पाहिले की मराठी नाव इंग्रजीपेक्षा बारीकच दिसते. चूक प्रमाणाची आहे.

रोमन कॅपिटल अक्षर एक फुटाच्या पट्टीत वरपासून खालपर्यंत भरते. देवनागरीला तेवढ्याच जागेत वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार बसवावा लागतो. मूळ अक्षराच्या वाट्याला जेमतेम सहा-सात इंच उरतात. कागदावर दोन्ही लिप्या एक फुटाच्या, डोळ्याला मात्र मराठी निम्मी! म्हणून उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी आणि तीच इंग्रजी कॅपिटलइतकी ठेवावी. दहा फूट अंतराला एक इंच, हा साधा हिशेब धरला तर साठ फुटांवरून सहज वाचायला मूळ अक्षर सहा इंचांचे हवे.

जागा उरली म्हणून संगणकावर अक्षर आडवे ताणू नये. काने जाड होतात, शिरोरेषा होती तेवढीच राहते आणि लय बिघडते. त्याहून वाईट म्हणजे जाड बाह्यरेषा आणि वर सावली. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ ओळखू येतात ते बरेचसे शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीमुळे. ती बुजली की ‘धान्य भांडार’ लांबून ‘घान्य मांडार’ वाचले जाते.

लालवर निळी अक्षरे सर्रास दिसतात. रंग वेगळे, पण दोन्हींचा गडदपणा जवळपास सारखा, त्यामुळे कडा थरथरतात. छपाईला देण्याआधी नमुन्याचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. अक्षरे करड्यात मिसळली तर रंग बदलावा. पिवळ्यावर काळे किंवा गडद निळ्यावर पांढरे सहसा दगा देत नाही.

चारही बाजूंनी मूळ अक्षराच्या निम्मी जागा मोकळी सोडावी. व्यवसायाची ओळ नावाच्या निम्मी, फोन त्याहून लहान. मालकाचा फोटो पाटीवर नकोच. नजर आधी चेहऱ्याकडे जाते आणि दुकानाचे नाव मागे पडते.

पाट्यांची तपासणी करणाऱ्यांना शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजण्याची लेखी सूचना शासनाने द्यावी, ही विनंती.

– उपयोजित कलेचे एक शिक्षक, पुणे