गुरुवारचा वार

ग्योटिंगेन, जर्मनी
१४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या महिन्यात लागोपाठ तीन गुरुवार आईचा फोन मी उचलला नाही आणि चौथ्या गुरुवारी उचलून "नंतर बोलते" एवढेच म्हणून ठेवून दिला. त्यावर बाबा जरा रागावूनच म्हणाले की, संशोधन करणाऱ्या माणसाला आठवड्यातल्या एका ठरावीक संध्याकाळीच असे कसले काम निघते. त्याच बोलण्यात आईने सांगितले की शेजारच्या काकूंची मुलगी ऑक्टोबरात इथल्या विद्यापीठात एम.एस्सी.ला येते आहे आणि मी तिला सांभाळायचे आहे. या दोन्ही गोष्टींचे उत्तर एकच असून ते फोनवर धड सांगता येणार नाही, म्हणून बऱ्याच वर्षांनी पत्र लिहीत आहे.

तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ होतात तेव्हा इथे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, आणि गुरुवारी सहा वाजता आमच्या वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात दहा-बारा मुलेमुली कांदे चिरत, तांदूळ धूत किंवा नुसतीच सुरी शोधत उभी असतात. कुणी इराणची, कुणी घानाची, कुणी चीनची, दोन-तीन जर्मन आणि सध्या दोघे भारतीय. सात वाजता जेवायला बसायचे, साडेनऊपर्यंत भांडी घासून ओटा पुसून मोकळे व्हायचे, एवढाच कार्यक्रम. नव्याने आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना इथे माणसे मिळावीत म्हणून तो सुरू केला, त्याला आता दोन वर्षे होतील.

त्यामागचे कारण मात्र मी तुमच्यापासून लपवले होते. सात वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा जर्मनीत आले ते दुसऱ्या शहरात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्या दोन आठवड्यांत तिथे मला कशाचीही उणीव भासली नाही. नगरपालिकेत पत्ता नोंदवणे, बँकेचे खाते, आरोग्यविमा, ग्रंथालयाचे ओळखपत्र, सगळीकडे कुणीतरी बरोबर आले. स्वागताचा मोठा मेळावाही झाला. दोनशे मुले, कानठळ्या बसवणारे संगीत, हातात बिअरचा पेला नसेल तर उभे राहायलाही अवघड वाटावे असे वातावरण, आणि प्रत्येकाचे तेच तीन प्रश्न: कुठून आलीस, काय शिकतेस, इथे आवडते का. त्या रात्री मी चाळीस जणांशी बोलले असेन, पण पुढच्या आठवड्यात त्यांतला एकही चेहरा पुन्हा दिसला नाही. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे एक तास मागे गेली, दुपारी साडेचार-पाचला अंधार पडू लागला आणि मदत करणारी मंडळी आपापल्या अभ्यासाला लागली. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी दुकानात पैसे देताना माझा आवाज घोगरा निघाला, आणि शुक्रवारपासून आपण कुणाशी एक शब्दही बोललेलो नाही हे तेव्हा माझ्या लक्षात आले. त्या संध्याकाळी तुम्ही विचारलेत तेव्हा मी सर्दी झाल्याचे सांगितले होते.

हे काही माझ्या एकटीचे दुखणे नव्हते. स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने १९५५ साली, अमेरिकेत शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या आपल्या देशबांधवांच्या मुलाखतींवरून असे मांडले की, पहिले काही महिने माणूस खुशीत असतो, सहा ते अठरा महिन्यांच्या टप्प्यात खचतो आणि पुढे पुन्हा सावरतो. या चढउताराची रेघ इंग्रजी 'यू' अक्षरासारखी दिसते. पुढच्या अभ्यासांत ही रेघ सगळ्यांना लागू पडत नाही असे आढळले, आणि माझी उतरण तर सहाव्या आठवड्यातच सुरू झाली होती. पण माणसाला आधाराची गरज लागते त्या वेळी आधार देणारे निघून गेलेले असतात, एवढे त्यातून मला नक्की उमगले. स्वागताचा सगळा जोर पहिल्या पंधरवड्यावर असतो, आणि त्या पंधरवड्यात नवा विद्यार्थी कागदपत्रांतच इतका बुडालेला असतो की त्याला एकटे वाटायला सवडच नसते.

मला वाट सापडली ती आपल्याच घरातल्या गोष्टींत. आई, माडीवरच्या खोलीत आसामचा एक विद्यार्थी राहायला आला होता, तो तुला आठवत असेल. पहिले आठ दिवस तो खाली उतरलाच नाही. तुला हिंदी जेमतेम येत होते आणि त्याला मराठी मुळीच येत नव्हते. तू त्याची विचारपूस केली नाहीस, समजूतही घातली नाहीस. नवव्या दिवशी त्याच्या हातात दळणाचा डबा देऊन त्याला गिरणीत पाठवलेस. तो परत आला तो पीठ घेऊन आणि गिरणीवाल्याने केलेल्या थट्टेची तक्रार घेऊन, आणि त्या तक्रारीपासून त्याचे आपल्याशी बोलणे सुरू झाले. पुढे शेंगा फोडायला तो स्वतःहून येऊन बसायचा. पाहुण्याला कुणी काम सांगत नाही आणि घरच्याला सांगितल्यावाचून राहत नाही, हा फरक त्याला शब्दांवाचून कळला असणार.

बाबा, आजोबा शाहू बोर्डिंगातल्या दिवसांबद्दल सांगायचे तेही याच जातीचे होते. कर्मवीर भाऊराव अण्णांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या त्या बोर्डिंगाचे नामकरण १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले, आणि पुढे अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी आपले मंगळसूत्रही विकले, हे तुम्ही आम्हाला इतक्यांदा सांगितले आहे की मला तोंडपाठ आहे. पण लहानपणी माझे कान टवकारायचे ते वेगळ्याच तपशिलाने: पाटणकडच्या एका वाडीतून आलेले आजोबा पहिले चार दिवस कुणाशी बोलले नव्हते, आणि पाचव्या दिवशी स्वयंपाकाची पाळी आली तेव्हा निराळ्या जातीच्या, निराळ्या बोलीच्या मुलाबरोबर त्यांना चुलीपुढे बसावे लागले. भाकरी करपली तर दोघांचीही करपली. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांना एकत्र आणायला अण्णांनी स्वागतसमारंभ केले नाहीत, त्यांना पाळ्या लावून दिल्या.

आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या घरी जेवायला जाण्याला आपल्याकडे शब्दच आहे: वार. वार लावून जेवायची सोय मोजक्याच जातींच्या मुलांना होती आणि म्हणून तर बोर्डिंग काढावे लागले, असे बाबा इथे लगेच म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. मी वाराची ठरलेली वेळ घेतली आणि बोर्डिंगाची एक पंगत व कामाची पाळी घेतली, एवढेच.

अर्थात पहिल्या गुरुवारी मी चूकच केली. आपल्या पद्धतीप्रमाणे दुपारपासून एकटीने खपून वरणभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि शिरा केला. सहाजण आले, त्यांनी वाखाणून खाल्ले, आभार मानले, आणि पुढच्या गुरुवारी त्यांतले चौघे फिरकलेच नाहीत. मला वाईट वाटले, इतके करूनही! नंतर इराणच्या मुलीने सांगितले की एवढ्याची परतफेड आपल्याला कशी जमणार, या संकोचाने ती येत नव्हती. तेव्हापासून मी काही अर्धवट ठेवल्यावाचून दार उघडत नाही. येणाऱ्याच्या हातात आधी साले काढायची सुरी, मग नाव-गाव. हात कामात असले की मोडक्यातोडक्या भाषेची लाज वाटत नाही आणि गप्प बसले तरी अवघडल्यासारखे होत नाही. स्वयंपाक शाकाहारीच असतो. त्यामुळे हलाल मांसाचा प्रश्न उरत नाही, आणि दारू नसल्यामुळे अशा मेळाव्यांत एरवी भिंतीला टेकून उभी राहणारी मुलेही टेबलाशी येतात.

जर्मन लोक तुसडे असतात, असे आईच्या कानावर आले आहे. तसे नाही. 'ओळखीचा' आणि 'मित्र' यांसाठी त्यांच्याकडे दोन वेगळे शब्द आहेत आणि दुसरा ते सहजासहजी वापरत नाहीत. न कळवता कुणाच्या दारात जाणे त्यांना आगाऊपणाचे वाटते. मागच्या हिवाळ्यात घानाचा एक मुलगा शेजारी आपल्याला बोलावील म्हणून महिनाभर वाट पाहत होता, आणि त्याचा जर्मन शेजारी, याला त्रास नको म्हणून, दारावरून पाय न वाजवता जात होता. दोघेही सभ्य, आणि दोघांचीही दारे बंद! शेवटी एका गुरुवारी मी दोघांना मिळून पातेले घासायला दिले. इथली माणसे जोडली जातात ती त्यांच्या 'फेराइन'मध्ये, म्हणजे आपल्या मंडळांसारख्या नोंदणीकृत संस्थांमध्ये. या देशात अशा सहा लाखांहून अधिक संस्था आहेत. गाण्याच्या, खेळाच्या, बागकामाच्या. तिथे वर्गणी भरून, दर आठवड्याला हजर राहून खुर्च्या उचलाव्या लागतात. गणपतीच्या मंडपात वावरलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये.

आता काकूंच्या मुलीबद्दल. "तिथे आपली मराठी मुले असतील ना?" असे काकूंनी विचारले आहे. भरपूर आहेत. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आता भारतीयच सर्वाधिक असून २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात त्यांची संख्या ४९ हजारांहून अधिक होती. दिवाळीला फराळ मिळेल, आजारी पडली तर खिचडी घेऊन कुणीतरी येईल, आणि मनातले मराठीत बोलता येईल. त्या आधाराला मी कमी लेखत नाही. पण स्टीफन बॉक्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्येच दाखवून दिले होते की परदेशी विद्यार्थ्याला तीन वर्तुळे लागतात: मायदेशातल्यांचे, यजमान देशातल्यांचे आणि इतर परदेशी विद्यार्थ्यांचे, आणि प्रत्येकाचा उपयोग निराळा असतो. पहिले वर्तुळ आपोआप मिळते, म्हणून पुष्कळजण तिथेच थांबतात. पाच वर्षे राहूनही एकाही जर्मन घरात पाऊल न टाकलेली आपली मुले मी पाहिली आहेत, आणि त्यात त्यांचा एकट्यांचा दोष आहे असेही मला वाटत नाही.

तेव्हा काकूंना एवढे सांगा. तिला घ्यायला मी स्टेशनवर जाईन. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो, त्यासाठी बरोबर येईन. रविवारी इथली दुकाने बंद असतात, म्हणून पहिल्या शनिवारी दूध-पाव आणून ठेवीन. हंसांबरोबर उभ्या असलेल्या मुलीचा कारंज्यावरचा पुतळाही दाखवीन; पीएच.डी. झाल्यावर विद्यार्थी तिचे चुंबन घेतात आणि तो प्रसंग माझ्यावर अद्याप आलेला नाही, हे बाबांनी विचारण्याआधीच सांगून टाकते. मात्र तिला मी माझ्या खोलीत ठेवून घेणार नाही आणि रोज तिच्या मागेही लागणार नाही. पहिल्याच गुरुवारी भाताची जबाबदारी तिच्यावर असेल. बिघडला तर बिघडला. पंगतीत आम्ही दोघी मराठीत बोलणार नाही, कारण शेजारी बसलेल्याला आपण परके आहोत असे वाटायला तेवढेही पुरते. मराठी भांडी घासून झाल्यावर. आणि नोव्हेंबरच्या मध्यावर, ती "सगळे छान आहे" म्हणत असेल तेव्हाही, मी तिच्या दारावर थाप मारीन. त्या दिवसांत तिला सर्दी झाल्याचे काकूंच्या कानावर आले, तर मला कळवा.

तिच्या सामानात कपडे थोडे कमी आणि मेतकूट थोडे जास्त असू द्या. कंदी पेढेही पाठवा, पण ते तिच्या हाती वाटायला द्या, माझ्या नावाने नकोत.

बाबांचा गुडघा कसा आहे? अजिंक्यताऱ्याची चढण तूर्त सोडून राजवाड्यापर्यंतच फिरावे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे, हे मला आईकडून कळले आहे, तुमच्याकडून नव्हे. आणि आई, पुढच्या गुरुवारी पिठले करायचे ठरले आहे. चौदा माणसांना बेसन किती घ्यायचे आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून काय करायचे ते कळव. फोन मात्र बुधवारी कर.

तुमची,
धाकटी